मोशेचा अंधार, गीतरत्नातले चुंबन आणि एकशे त्रेपन्न मासे

तुमच्या लांब पत्राचा गाभा मला असा दिसला. नागपूरच्या सदरमधल्या तुमच्या प्रार्थनागटात तीन महिन्यांपासून ख्रिस्ती अनुभावी संतांचे वाचन चालू आहे. निस्साच्या ग्रेगरींच्या लेखनात देव अंधारात भेटतो असे आले आणि गटातल्या एकाने योहानाचे पहिले पत्र उघडून समोर धरले: देव प्रकाश आहे, त्याच्या ठायी मुळीच अंधार नाही. पुढे बायबलमधल्या गीतरत्नावर आलात. प्रियकर-प्रेयसीच्या कवितेत आत्मा आणि ख्रिस्त कुठून आले, ही लाज झाकायची युक्ती तर नव्हे, अशी शंका तुम्हाला आली. त्यातच बाहेरून आलेल्या एका प्रवचनकाराने, लूकच्या कथेत वाटेवरच्या जखमीला उचलणाऱ्या शोमरोन्याने उतारशाळेच्या रक्षकाला दिलेले दोन दीनार म्हणजे दोन हजार वर्षे असा हिशेब मांडला आणि तुमचा धीर सुटला. ‘आध्यात्मिक अर्थ म्हणजे ज्याला जे सुचेल ते का? याला काही धरबंध आहे की नाही?’ हा तुमचा खरा प्रश्न.

धरबंध आहे. पण तो सांगण्याआधी माझी स्वतःची फजिती ऐका, कारण बत्तीस वर्षे रिट्रीट, म्हणजे प्रार्थनेची शिबिरे, घेऊन मी जे शिकले त्यातले निम्मे त्या एका दुपारी शिकले.

भंडाऱ्याकडच्या एका तळ्याकाठच्या गावात तीन दिवसांची रिट्रीट होती. मी तेव्हा नुकती शिकून आलेली, वह्या भरलेल्या. योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय घेतला होता. पुनरुत्थित येशू किनाऱ्यावर उभा आहे, शिष्य जाळे ओढतात, जाळ्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे. मी फळ्यावर संत ऑगस्टीन यांचा हिशेब लिहिला: एकपासून सतरापर्यंतचे आकडे मिळवा, बेरीज येते १५३. सतरा म्हणजे दहा अधिक सात. दहा आज्ञा आणि पवित्र आत्म्याची सात दाने. नियमशास्त्र आणि कृपा एकत्र आली की तारण पावलेल्यांची संख्या पूर्ण होते. मी स्वतःवर खूश होते. मागच्या ओळीत ढिवर समाजातले एक आजोबा बसले होते. ते उठून म्हणाले, “मासे त मोजाच लागते, सिस्टर. मोजल्याबिगर वाटनी कशी होईन?”

सगळे हसले. मीही हसले, पण रात्री झोप लागली नाही. त्या होडीत सात जण होते, हे त्याच अध्यायाच्या दुसऱ्या ओवीत लिहिले आहे आणि मी ते वाचूनही पाहिले नव्हते. (तुम्ही म्हणाल ‘ओवी’ नव्हे, ‘वचन’. आमच्या घरी आजी ओवीच म्हणायची.) सात जणांना एकवीस-एकवीस आले तर सहा उरतात. येशू तर म्हणतोच, तुम्ही आता धरलेल्यांतले काही आणा. म्हणजे ज्याने मृत्यूवर मात केली तो मजुरांच्या वाटणीच्या वेळी निखारे पेटवून बसला आहे, आणि त्यांच्या कमाईतले मागतो आहे. ऑगस्टीन यांची बेरीज सुंदर आहे, ती मी आजही सांगते, पण आजोबांच्या वाटणीनंतर. क्रम उलटा झाला की बेरीज कोडे होऊन बसते.

हा क्रम माझ्या मनचा नाही. बाराव्या शतकात पॅरिसजवळच्या सेंट व्हिक्टर मठात शिकवणारे ह्यू यांनी घर बांधण्याची उपमा दिली: इतिहास, म्हणजे अक्षरार्थ, हा पाया, रूपकार्थ या भिंती, आचरणाचा अर्थ हा वरचा रंग. पाया न खणता रंगाचा डबा उघडणाऱ्या विद्यार्थ्यांवर ते चिडत. पुढे थॉमस अक्वायनस यांनी तर स्पष्टच लिहिले की सगळे आध्यात्मिक अर्थ अक्षरार्थावर उभे असतात आणि वाद फक्त अक्षरार्थाच्या आधारे घालावा. रूपकातून सिद्धान्त सिद्ध करता येत नाही. तुमच्या प्रवचनकाराचे दोन हजार वर्षांचे गणित इथेच पडते. ते लूकच्या कथेतून काही ऐकत नाही, तिच्यात आधीच ठरलेला आकडा ठेवून परत काढते. पत्त्यांच्या जादूत असते तसे.

मग अक्षरावरच का थांबू नये? कारण शास्त्र स्वतःच थांबत नाही. पौलाने गलतीकरांना लिहिताना अब्राहामाची दासी हागार आणि पत्नी सारा यांची कथा दोन करारांचे रूपक म्हणून वाचली. करिंथकरांना लिहिताना, रानात इस्राएलाला पाणी देणारा खडक ख्रिस्त होता, असे तो म्हणाला. अक्षर मारते आणि आत्मा जिवंत करतो, हेही त्याचेच. पौलाच्या आसपासच अलेक्झांड्रियात फायलो नावाचे यहुदी विद्वान मोशेची पुस्तके आत्म्याच्या प्रवासासारखी वाचत होते. त्याच शहरात दोन शतकांनी ओरिजेन (सुमारे १८५ ते २५३) झाले, आणि ख्रिस्ती गूढ वाचनाचा खरा कारखाना त्यांनी उघडला. शरीर, जीव, आत्मा असे माणसाचे तीन थर. तसेच शास्त्राचेही, असे ते म्हणत. शास्त्रात मधूनच विसंगती, अशक्य गोष्टी, खडबडीत जागा येतात; त्या पवित्र आत्म्याने मुद्दाम ठेवलेल्या ठेचा आहेत, म्हणजे वाचणारा थबकेल आणि खाली पाहील, असे त्यांचे म्हणणे.

ओरिजेन यांचा माझा आवडता नमुना सांगते. गणना या पुस्तकाचा तेहतिसावा अध्याय कोणी रिट्रीटला घेत नाही. नुसती गावांची यादी आहे: इथून निघाले, तिथे तळ दिला, तिथून निघाले, पुढे तळ दिला. मिसरपासून यार्देनपर्यंत बेचाळीस मुक्काम. ओरिजेन विचारतात, ही यादी प्रभूच्या आज्ञेवरून लिहिली असे शास्त्र म्हणते, मग ती निरुपयोगी कशी असेल? मग ते मत्तयाची वंशावळ समोर ठेवतात. अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत चौदा-चौदाच्या तीन फेऱ्या, म्हणजे बेचाळीस पिढ्या. ख्रिस्त जितक्या पायऱ्या उतरून खाली आला तितक्याच मुक्कामांनी जीव वर चढतो. प्रत्येक तळाच्या नावाचा अर्थ लावत ते माणसाच्या आतल्या वाटचालीचा नकाशा काढतात. काही नावांची व्युत्पत्ती आज टिकणार नाही. तरी माझ्याकडे आलेल्या एका थकलेल्या नर्सला मी ही यादी मोठ्याने वाचायला दिली होती. विसाव्या गावाला ती म्हणाली, “सिस्टर, हे लोक कुठंच राहात नाहीत.” ओरिजेन यांनाही तेच म्हणायचे होते, त्यांनी त्यासाठी कितीतरी पाने घेतली.

शास्त्राच्या चार अर्थांबद्दल तुम्ही विचारले आहे, म्हणून थोडक्यात. जॉन कॅसियन यांनी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला मिसरमधल्या तपस्व्यांशी झालेले संवाद लिहिले, त्यातल्या चौदाव्यात यरुशलेमचे उदाहरण येते. इतिहासात ते यहुद्यांचे नगर, रूपकात ख्रिस्तसभा, आचरणाच्या अर्थाने माणसाचा जीव, आणि शेवटच्या, वर नेणाऱ्या अर्थाने स्वर्गातले नगर. मध्ययुगात यावर लॅटिन दोन ओळी झाल्या, मुले पाढ्यासारख्या म्हणत: अक्षर घडलेले शिकवते, रूपक काय मानावे ते, नीती काय करावे ते, आणि चौथा अर्थ कुठे जायचे ते.

हे आपल्याला परके वाटायला नको. नागपूरकराला तर मुळीच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मिरवणुकीने जी काळी मारबत, म्हणजे बाईचा पुतळा, निघते ती कोण? कोणी म्हणतो भोसल्यांच्या घरातली बाकाबाई, इंग्रजांना मिळाली ती. कोणी म्हणतो पूतना. गर्दी ओरडते, ‘ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत’, तेव्हा घरातला खोकला आणि दारातले दारिद्र्य तिच्या पाठीवर चढते. सोबतचे बडगे, म्हणजे आणखी पुतळे, त्या वर्षीच्या महागाईवर, पुढाऱ्यांवर बोलतात. शेवटी ती जळते, आणि हे सगळे एकदा संपणार आहे अशी क्षणभर का होईना खात्री वाटते. एकाच कागदी बाईत इतके अर्थ बसतात आणि कोणी विचारत नाही की यातला खरा कुठला. नाथांच्या भारुडातला विंचू चावतो तेव्हाही दवाखान्यात कोणी धावत नाही. अमुकचा अर्थ तमुक अशी कुंजी हातात असावी लागते, हा समज बहुधा शाळेतल्या गाईडांमुळे आला. चार अर्थ म्हणजे चार कप्पे नाहीत, आणि प्रत्येक ओळीला चारही लागतात असेही नाही. कॅसियन यांच्या संवादात तर अब्बा नेस्तेरोस आधीच अट घालतात: ज्याने आपले आचरण शुद्ध करायला घेतले नाही त्याला शास्त्राचे आतले ज्ञान मिळणार नाही, तो कितीही हुशार असो. हा नियम व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही.

आता मोशेचा अंधार. इथे जरा थांबते.

निस्साचे ग्रेगरी (सुमारे ३३५ ते ३९५) यांनी मोशेचे चरित्र लिहिले ते दोन भागांत. पहिल्यात मोशेची कथा सरळ सांगितली आहे, जशी घडली तशी. दुसऱ्यात तीच कथा पुन्हा, या वेळी चिंतनात. पुस्तकाची ही रचनाच तुमच्या धरबंधाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. दुसऱ्या भागात त्यांच्या लक्षात येते की देव मोशेला तीनदा वेगवेगळ्या रीतीने भेटतो. आधी जळत्या झुडपात, म्हणजे प्रकाशात. मग ढगात. आणि सीनाय पर्वतावर, निर्गमच्या विसाव्या अध्यायात, लोक दूर उभे राहतात आणि मोशे देव होता त्या निबिड अंधाराकडे जातो. साधारण माणूस उलट क्रम अपेक्षित धरेल: अंधारातून उजेडाकडे. ग्रेगरी म्हणतात, सुरुवातीला खोट्यापासून खरे वेगळे दिसू लागते, तो प्रकाश. पण जितके जवळ जावे तितके कळते की ज्याला पाहायचे तो आपल्या पाहण्यात मावत नाही. न दिसण्यातच त्याचे दिसणे आहे.

मग योहानाचे काय? माझ्या मते दोन्ही वचने दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलतात. योहान देवाविषयी बोलतो. निर्गममधला अंधार पाहणाऱ्याच्या डोळ्याकडचा आहे. मे महिन्यात भर दुपारी सीताबर्डीतून चालत घरी आलात आणि दार लोटले की काही क्षण डोळ्यांपुढे अंधारी येते. भांडे कुठे, खाट कुठे, दिसत नाही. घरात अंधार नसतो. डोळे उजेडाने भरून गेलेले असतात. हा दृष्टान्त मी एका रिट्रीटला दिला तेव्हा एका विद्यार्थ्याने बरोबर आडवा प्रश्न टाकला: मग पाच मिनिटांनी डोळे सरावतात, तसे देवाशीही सरावतील का? ग्रेगरी यांचे उत्तर नाही असे आहे. दृष्टान्त तिथे तुटतो आणि तुटू द्यावा. त्यांच्या लेखी मोशे पुढे जातच राहतो, पौल फिलिप्पैकरांना लिहितो तसा पुढच्याकडे झेपावत. पोचणे नाही, आणि हे न पोचणे दुःखाचे नाही, कारण प्रत्येक मुक्कामाला भूक वाढते.

निर्गमच्या तेहतिसाव्या अध्यायात मोशे देवाचे तेज पाहायला मागतो आणि त्याला फक्त पाठ दिसते. अक्षराने घेतले तर देवाला पाठ आहे, पोट आहे, असे म्हणावे लागेल. ग्रेगरी विचारतात, कोणाची पाठ कोणाला दिसते? जो मागून चालतो त्याला पुढच्याची. समोरून चेहरा दिसतो तो उलट दिशेने येणाऱ्याला. म्हणजे पाठ दिसणे हे नाकारणे नव्हे; मोशे बरोबर वाटेवर आहे याची ती खूण. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा दिंडीत चालणारी माणसे डोळ्यांपुढे आली. पंधरा दिवस पुढच्या माणसाच्या पाठीवरचे गाठोडे पाहायचे. त्यावरून वाट चुकत नाही.

इ. स. ५००च्या आसपास कोणा सीरियन लेखकाने प्रेषितांच्या कृत्यांतल्या डायोनिसियस या अथेन्सच्या शिष्याचे नाव घेऊन लिहिले. त्याने मोशेच्या या चढणीवरून गूढ ईश्वरज्ञानाचा छोटासा ग्रंथ रचला. पानांनी छोटा, परिणामाने प्रचंड. प्रतीकांविषयी त्याचे एक मत मला फार उपयोगी वाटते. शास्त्र देवाला प्रकाश, जीवन, शब्द म्हणते, तसेच खडक, सिंह, आणि स्तोत्र २२ मध्ये किडासुद्धा म्हणते. डायोनिसियस म्हणतो, ओबडधोबड प्रतीके जास्त सुरक्षित. सोन्याच्या, तेजस्वी प्रतिमा दिल्या की माणूस तिथेच रमतो आणि देव असाच असेल असे धरून बसतो. किडा म्हटल्यावर कोणी रमत नाही. मन आपोआप उठून पुढे जाते. तुमच्या गटाला याचा लगेच उपयोग होईल. ज्या प्रतिमेवर सगळे भाळले आहेत तिथे दोन मिनिटे कमी द्या, आणि जिथे सगळे अवघडून बसले आहेत तिथे दहा मिनिटे जास्त.

अवघडण्यावरून गीतरत्न. लाज झाकण्याची युक्ती का? काही वेळा होय, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. ब्रह्मचारी मठवासीयांनी लिहिलेली काही भाष्ये वाचताना जाणवते की स्तन हा शब्द आला की लेखक घाईघाईने दोन करारांकडे पळतो. पण परंपरा तेवढीच नाही. ख्रिस्ती लोकांच्या आधी यहुदी गुरूंनीच या काव्याला देव आणि इस्राएल यांचे प्रेम म्हणून वाचले. रब्बी अकिवा तर म्हणाले की सगळी लेखने पवित्र, पण गीतरत्न परमपवित्र. ओरिजेन यांनी शलमोनाची तीन पुस्तके तीन वर्गांसारखी लावली: नीतिसूत्रे आचरणासाठी, उपदेशक जगाचे फोलपण कळावे म्हणून, आणि शेवटी गीतरत्न, दर्शनासाठी. पहिले दोन वर्ग पार न करता तिसऱ्यात बसू नये.

क्लेअरव्होचे बर्नार्ड ११३५ पासून ११५३ मध्ये मरेपर्यंत गीतरत्नावर बोलत राहिले. ८६ प्रवचने झाली आणि ते जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वचनापर्यंत आले. घाई कोणाला होती? ‘त्याने आपल्या मुखाच्या चुंबनांनी मला चुंबावे’ या सुरुवातीच्या ओळीवरच आठ प्रवचने. बर्नार्ड म्हणतात, एकदम मुखाकडे धावू नका. आधी पाय चुंबा, तो पश्चात्ताप. मग हात, जो उठवून उभे करतो. मग मुख. आणि याच तिसऱ्या प्रवचनाच्या आरंभी ते श्रोत्यांना सांगतात की आज आपण अनुभवाच्या पुस्तकातून वाचतो आहोत. म्हणजे समोर दोन पुस्तके उघडी: एक गीतरत्न, दुसरे ऐकणाऱ्याचे स्वतःचे आयुष्य. ज्याच्या दुसऱ्या पुस्तकात कोणावरच प्रेम केल्याचे पान नाही त्याला पहिलेही कळणार नाही. म्हणून शरीराच्या प्रेमाचा अक्षरार्थ पुसून चालत नाही. तो पुसला की रूपकाला चढायला शिडीच राहत नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या ऐकत वाढलेल्या माणसाला हे मी समजावून सांगायचे म्हणजे चंद्रभागेत पाणी नेऊन ओतणे.

आविलाच्या तेरेसा यांनी गीतरत्नावर चिंतन लिहिले तेव्हा त्यांच्या एका पापनिवेदन-गुरूने ते जाळायला सांगितले. बाईने या पुस्तकावर लिहू नये म्हणून. त्यांनी मुकाट्याने आगीत घातले. इतरांनी नकला करून ठेवल्या होत्या, म्हणून आज ते आपल्या हातात आहे. हे मी प्रत्येक रिट्रीटला सांगते, आणि का सांगते ते आमच्या सिस्टरांना बरोबर कळते.

आता जिथे मला ही परंपरा टोचते ती जागा. सेंट व्हिक्टरच्याच रिचर्ड यांनी याकोबाच्या घराण्याचे अप्रतिम रूपक केले. त्याच्या बायकांपैकी लेआ म्हणजे भावना, राहेल म्हणजे बुद्धी, त्यांची मुले म्हणजे एकामागून एक जन्मणारे सद्गुण. शेवटी बन्यामीन जन्मतो, तो ध्यानाचा परमानंद, आणि त्याला जन्म देताना राहेल मरते, कारण त्या उंचीवर बुद्धी टिकत नाही. मानसशास्त्र म्हणून हे थक्क करणारे आहे. पण बाळंतपणात मुलगी गेलेली एक आई माझ्यासमोर बसली होती तेव्हा मी हे वाक्य उच्चारू शकले नाही. राहेल आधी बाळंतपणात मेलेली बाई आहे. तिला वाटेवर पुरले, याकोबाने दगड उभा केला. तो दगड ओलांडून पुढे जाणारे रूपक मला नको. हागारचेही तसेच. पौलाच्या रूपकात ती गुलामीचा करार झाली, आणि पुढच्या शतकांत ख्रिस्ती लेखकांनी त्याच रूपकाने यहुद्यांना झोडपले. पण उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात ती छळाला कंटाळून पळालेली दासी देवाला स्वतः नाव देते: मला पाहणारा देव. आमच्या वस्तीतल्या घरकामाला जाणाऱ्या बायका तिला लगेच ओळखतात. अक्षरार्थावर भर देणाऱ्या अँटिओखच्या भाष्यकारांनी, विशेषतः थिओडोर यांनी, तक्रार केली होतीच की रूपकवाले पौलाच्या एका शब्दाच्या आडून सगळा इतिहास उडवून लावतात. ती तक्रार मला अर्धी मान्य आहे.

मग कसोटी कोणती? ऑगस्टीन यांनी दिलेली मी वापरते. शास्त्र समजले असे ज्याला वाटते, पण त्या समजण्यातून देवावरची आणि शेजाऱ्यावरची दुहेरी प्रीती उभी राहत नाही, त्याला ते अजून समजलेले नाही. पण ते पुढे जे म्हणतात ते लोक विसरतात. एखाद्याने लेखकाच्या मनातला अर्थ चुकवला आणि तरी प्रीती वाढली, तर तो रस्ता सोडून शेतातून त्याच गावी पोचलेल्या माणसासारखा आहे. तरीही त्याला रस्ता दाखवावा, नाहीतर आडवाटेची सवय लागून तो एक दिवस भलतीकडे जाईल. या कसोटीवर ऑगस्टीन यांचे स्वतःचे शोमरोन्याचे रूपकही लावून पाहा. जखमी तो आदाम, लुटारू तो सैतान, उतारशाळा ही ख्रिस्तसभा, तिचा रक्षक पौल. ख्रिस्त वाटेवरच्या अर्धमेल्याला उचलतो हा गाभा मला हलवतो. पण रक्षक पौल कसा, यात शिरलो की ‘माझा शेजारी कोण’ हा मूळ प्रश्न मागे पडतो, आणि प्रश्न विचारणारा शास्त्री सुटतो. मध्ययुगातले जर्मन अनुभावी एकहार्ट यांनी, येशू ज्यांच्या घरी आला त्या मार्था आणि मरीया या बहिणींची कथा उलटी केली: पायाशी बसलेली मरीया अजून शिकते आहे, कामात उभी असलेली मार्था परिपक्व आहे. अक्षर ताणले आहे, हे मी स्पष्ट सांगते. पण लग्नाघरी तीनशे पोळ्या लाटून रिट्रीटला आलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर काय होते तेही मी पाहिले आहे. ही शेतातली वाट, गाव तेच.

उलट बाजूने सांगायचे तर साधे अक्षर कमी समजू नका. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांना धरले ते डोंगरावरच्या प्रवचनाने, कुठल्याही रूपकाशिवाय. पुढे अभंग आले, पण आधी ती साधी वाक्ये.

गटासाठी पद्धत विचारली आहे. बाराव्या शतकातले कार्थुसी मठवासी ग्विगो यांच्या चार पायऱ्या पुरतात: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. वाचन घास तोंडात ठेवते, मनन चावते, प्रार्थनेने चव लागते, ध्यान म्हणजे ती गोडीच. तुमचा गट, पत्रावरून दिसते, चावण्यातच तासभर घालवतो. पुढचे तीन गुरुवार निर्गमचे तिसरा, विसावा आणि तेहतिसावा अध्याय घ्या. आधी कोण, कुठे, कोणाशी बोलतो एवढेच. मग दहा मिनिटे कोणी बोलायचे नाही. कोणाला काही विशेष ‘दिसले’ तर ऐकून घ्या आणि पुढे चला. सोळाव्या शतकातले स्पॅनिश अनुभावी क्रूसाचे संत योहान बजावतात की देवाकडून आलेल्या खऱ्या शब्दांचाही माणूस आपल्या परीने चुकीचा अर्थ लावतो, म्हणून कशालाच चिकटून बसू नये. गीतरत्न पुढच्या वर्षी.

शेवटी तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलेले. सासूबाई वारकरी आहेत, त्यांना गुरुवारी येऊन बसायचे आहे, चालेल का? चालेल काय, त्यांना आग्रह करा. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात चकोराच्या पिलांची ओवी आहे, आणि तिच्यामागेच शब्देंविण संवादिजे ही. मोशे अंधारात शिरतो तो अध्याय वाचण्याआधी त्या ओव्या त्यांच्या तोंडून ऐका. आणि पहिल्या दिवशी त्यांना काही समजावू नका. त्यांना काय ऐकू आले ते विचारा, आणि मला लिहून कळवा.